तुम्ही विचारलंत म्हणून: कुंकळ्ळीकरीण फातर्प्यात कशी?

इथं गोव्यात जत्रेला आलेले पाहुणे हमखास विचारतात, देवी शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण, म्हणजे कुंकळ्ळी गावची, मग देऊळ फातर्प्याला कसं? ‘पोर्तुगिजांमुळे’ असं एका शब्दात सांगता येतं, पण माझं तेवढ्यावर समाधान होत नाही.

सोळाव्या शतकात कुंकळ्ळी गोव्यातल्या साष्टीत, म्हणजे पोर्तुगिजांच्या अमलाखाली होती. फातर्पा त्यांच्या हद्दीबाहेर. साष्टीतली देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा देवीला तिकडे हलवलं. माणसं शेतंभाटं टाकून कुठं जाणार? ती राहिली आणि सारा द्यायला नाकारत राहिली. जुलै १५८३ मध्ये चर्चसाठी जागा पाहायला पाच जेझुइट पाद्री आले. गावकऱ्यांनी त्यांना ठार मारलं, त्यांच्याबरोबरची काही माणसंही मारली. त्या पाचांतला रोदोल्फो आक्वाविवा त्याच वर्षी अकबराच्या दरबारातून परतला होता. फत्तेपूर सिक्रीला तो मुल्लांशी धर्मावर वाद घालत असे, तोही बादशहाच्या देखत. तिथं त्याच्या जिवाला धक्का लागला नाही. कुंकळ्ळीत मात्र त्याच्यामागं देवळं पाडणारं सरकार उभं होतं, आणि लोकांना तेच दिसलं असणार.

पुढं बोलणी करायच्या नावाखाली पोर्तुगिजांनी गावच्या सोळा पुढाऱ्यांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि ठार केलं. एक तेवढा निसटला. गावाच्या जमिनी जप्त झाल्या. पाद्र्यांना १८९३ मध्ये पोपनी हुतात्मे म्हणून गौरवलं. आमच्या पुढाऱ्यांचं स्मारक गावात उभं राहायला एकविसावं शतक उजाडलं. हे मला अजून लागतं.

पुढं गावातली कितीतरी घरं ख्रिस्ती झाली. पण वांगड, म्हणजे मूळ बारा कुळं, कुणी विसरलं नाही. फाल्गुन पंचमीला सत्रयो, म्हणजे छत्र्या, निघतात. प्रत्येक वांगडाची एक छत्री, अशा बारा छत्र्यांसह देवी फातर्प्याहून आपल्या जुन्या गावी येते. हिंदू आणि ख्रिस्ती, दोघंही वाटेवर उभे असतात.

एका वर्षी आमच्या शेजारचे ख्रिस्ती काका गुलालानं माखून परतले. पांढरा शर्ट गळ्यापासून खिशापर्यंत लाल. काकी नळाखाली शर्ट धरून घासत होत्या, रंग काही निघेना. मी विचारलं, “काका, तुम्हीही गेला होता?”

त्यांनी माझ्याकडं नवलानं पाहिलं. “ती आमच्याच वांगडाची सत्री न्हय?”