व्हाय आर यू लेट अगेन?

तो पेपर अजून माझ्या पिशवीतच आहे.

आमची शाळा माण तालुक्यातली, पहिली ते पाचवी, द्विशिक्षकी. दोघांपैकी एक जण बहुतेक दिवस ऑनलाइन माहिती भरण्यात गुंतलेला, म्हणजे शिकवायला उरला एक. मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आलं ते २००० साली. त्यामुळे पाचवीच्या पोरांना वाक्यांचे प्रकार यायलाच हवेत, असं वरून येणारे साहेब धरून चालतात.

'व्हॉट अ बिग ट्री'च्या पुढे पोरं हमखास प्रश्नचिन्ह ठोकतात. व्हॉट म्हणजे काय, आणि 'काय' आलं की प्रश्न. त्यावर मी एक युक्ती काढलीय. फळ्यावर मराठीतच लिहिते, 'काय पाऊस आहे!' आणि खाली 'काय आहे हे?' दोन्ही मोठ्यानं म्हणायला लावते. लगेच उजेड पडतो.

खरी झटापट प्रश्नाशी. मराठीत 'तू आलास'च्या शेपटीला 'का' लावला की झाला प्रश्न. तोच 'का' अलीकडे सरकवला, 'तू का आलास', की कारण विचारलं. इंग्रजीत मात्र सहायक क्रियापद उचलून कर्त्याच्या पुढे आणायचं, आणि ते नसलं तर 'डू' उसना घ्यायचा. "डू म्हणजे करणे ना मॅडम? मग इथं कोण काय करतंय?" याचं पोरांना पटेल असं उत्तर मला एकाही प्रशिक्षणात मिळालेलं नाही. तिथं कृतिगीतं होतात आणि चहा होतो. आज्ञार्थी वाक्य मात्र सगळ्यांचं लाडकं. बस, बसा, बसावे, सगळ्याला एकच 'सिट'. साहेबांनाही 'सिट डाउन' म्हणता येतं याचं पोरांना कोण कौतुक!

तर शुक्रवारी चाचणी घेतली. वीस वाक्यं, प्रत्येकापुढे प्रकार लिहायचा. सातवं वाक्य मीच घातलेलं : 'व्हाय आर यू लेट अगेन?' सोपं, म्हणजे कच्च्यांनाही मार्क मिळावा म्हणून.

रोज परिपाठ संपता संपता दारात उगवणारा एक पोरगा आहे. त्यानं लिहिलं, उद्गारार्थी. मी लाल फुली मारली. पेपर वाटल्यावर तो टेबलाशी आला.

"मॅडम, हे चुकलं कसं?"

"प्रश्नचिन्ह दिसत नाही का तुला?"

"दिसतंय की. पण हे तुम्ही मला रोज म्हणता. मी सांगाया लागलो की म्हणता, उलट उत्तरं देऊ नको. मग प्रश्न कसा?"

वर्ग हसला. मीही हसले, पण हातातलं पेन तसंच राहिलं. धड्याचं नावच 'वाक्यांचे हेतूनुसार प्रकार'. हेतू बघा, हेतू बघा, असं आठवडाभर मीच ओरडत होते, आणि एकट्यानं तेवढा बघितला होता.

मधल्या सुट्टीत सहकाऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, "चिन्ह बघून लिहायला शिकवा. उद्या शिष्यवृत्तीला एकच गोल काळा करायचाय." खोटं नाही ते. तृतीय भाषेचे, म्हणजे इंग्रजीचे, पंचवीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. तिथं कोण कुठल्या सुरात बोललं हे उत्तरपत्रिकेला कळत नाही. पण हे गृहस्थ गेली कित्येक वर्षं चिन्हच बघतायत, आणि त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं 'कॅन यू ओपन द विंडो?' विचारलं की 'येस' म्हणून जागेवर बसून राहतात.

सोमवारी तो पुन्हा उशिरा आला. मी तोंड उघडलं आणि आधी पोरांकडेच बघितलं. सगळी वाट बघत होती.

"का रे उशीर होतो तुला?"

मागून दोघं-तिघं ओरडली, "प्रश्नार्थी!"

त्यानं माझ्याकडे नीट पाहून घेतलं. मग म्हणाला, "आबा मेंढरं घिऊन कोकणात गेल्यात. शेरडांना चुलता येईस्तोवर मलाच बघाया लागतं." आणि दप्तर ठेवून बसला.

मार्काचं अजून ठरत नाहीये. त्याला द्यावा, तर ज्या अकरा जणांनी प्रश्नार्थी लिहिलं त्यांना काय सांगू? ती बिचारी मी शिकवलं तसंच वागली. न द्यावा, तर तो पुन्हा टेबलाशी येईल. आणि गुण भरायच्या तक्त्यात अर्धा मार्क घेतच नाहीत.