हाताची घडी, तोंडावर बोट

तलाठी जेवायला गेले होते. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण जेवायला अजून तलाठीच जातात. वसमत तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांचं ऑफिस आणि अंगणवाडी एकमेकांना खेटून आहेत, मध्ये एक लिंब. त्या लिंबाच्या पारावर मी सातबाऱ्यासाठी बसलो होतो. हळद शिजवायचे दिवस, सगळ्या गावभर तो कडवट वाफेचा वास. अंगणवाडीत लेकरांचा कालवा चालू होता. तेवढ्यात आतून ताईंचा आवाज आला, "हाताची घडी!" आणि सगळ्या वर्गानं एका सुरात पुढचं म्हटलं, "तोंडावर बोट!"

कालवा थांबला. माझ्या शेजारी पीकविम्याचं विचारायला आलेले एक फेटेवाले तात्या तंबाखू मळत होते. त्यांचाही अंगठा जागच्या जागी थांबला.

दुसरीतून शाळा सोडून गुरांमागं गेलेल्या माणसालाही हे येतं. पावकी-निमकी गेली, बाराखडीतली निम्मी अक्षरं गेली, हे मात्र राहिलं. दवाखान्याच्या भिंतीवर ओठांवर बोट ठेवलेल्या नर्सचा फोटो असायचा ना, तो बघून आमच्याकडची म्हातारी माणसं आपोआप हातही बांधायची. फोटोत नर्सनं हात बांधलेले नसत, तरी.

पण हे जमतं कसं? घडी घालायची म्हणजे दोन्ही हात गुंतले, पंजे काखेत गेले. मग तोंडावर ठेवायला बोट आणायचं कुठून? नवीन आलेलं लेकरू इथंच अडतं. ते आधी इमानदारीनं घडी घालतं. मग बोटासाठी एक हात सोडवतं, की घडी मोडते. परत घडी घालतं, की बोट जातं. बाकीचा वर्ग केव्हाच पुतळा झालेला असतो आणि याची एकट्याची कुस्ती चाललेली असते. शेवटी शेजाऱ्याचं बघून त्याला तोडगा सापडतो: डावा हात पोटावर आडवा, त्यावर उजव्याचं कोपर, आणि तर्जनी ओठांवर उभी. ही खरं तर अर्धीच घडी. पण आजवर कुठल्या बाईंनी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. मोठेपणी पुस्तकाच्या मागच्या फोटोत लेखक मंडळी गालाला बोट लावून जी बसलेली असतात ती हीच बैठक, फक्त बोट जरा घसरलेलं.

आमची बालवाडी मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात भरायची. तेव्हा गाव परभणी जिल्ह्यात होतं. हिंगोली जिल्हा झाला १९९९ साली, तोवर आम्ही कॉलेजं संपवून बसलो होतो. बाई गावातल्याच, आईच्या लांबच्या बहीण. पण देवळाची पायरी चढली की त्यांना मावशी म्हणायचं नाही. एखादं लेकरू चुकून म्हणालंच तर त्या सरळ इकडंतिकडं बघायच्या, कोण मावशी आली म्हणून. साहित्य म्हणजे पत्र्याच्या डब्यात चिंचोके, दुसऱ्या डब्यात गुंजा, आणि कोपरा उडालेल्या पाट्या. पोळ्याच्या आधी ओढ्याची चिकणमाती आणून बैल करायचे. शिंगं सगळ्यात शेवटी लावायची आणि ती सगळ्यात आधी मोडायची, म्हणून आमच्या बालवाडीचे बैल कायम म्हशीच्या पारडासारखे दिसत. कोणीतरी मारुतीच्या अंगाचा शेंदूर बोटाला लावून खांबावर ठसे उमटवायचं. आजच्या अंगणवाडीत ठसेकाम नावाची कृतीच असते, भेंडीचे ठसे, बोटांचे ठसे. आमच्या वेळी त्याला पाठीत धपाटा होता.

त्या मंडपात मला पहिल्यांदा कळलं की तोंडावरचं बोट हा मोठा कामाचा आडोसा आहे. बोटामागं ओठ हलले तरी दिसत नाहीत. कोणाची म्हैस व्याली, खरवस कोणाकोणाला मिळणार, कोणाच्या घरी रात्री भांडण झालं, हे सगळं मला बोटाआडूनच समजलं. चुगलखोरांची मात्र पंचाईत व्हायची. "बाई, ह्यानं बोट काढलं!" हे सांगण्यासाठी त्याला स्वतःचं बोट काढावं लागे. बाई दोघांनाही खांबाला पाठ लावून उभं करायच्या, आणि तिथं ते दोघं पुन्हा बोटाआडून बोलत उभे राहायचे.

मी डावखुरा. त्यामुळं माझी घडी उलटी पडायची. बाई समोर येऊन बसत, काही न बोलता माझे दोन्ही हात सोडवत, अदलाबदल करून परत बांधत आणि निघून जात. त्यांची पाठ फिरली की हात आपापल्या जागी. रागावल्या नाहीत कधी, पण सोडलंही नाही. असं वर्षभर चाललं आणि कोणीच जिंकलं नाही.

मग सुकडी यायची. भाजलेलं पीठ, गोड, तेलकट, भुरभुरीत. घरून आणलेल्या ताटलीत मूठभर पडायची. ती संपली की बाई पातेलं आवरायला जात, आणि जाता जाता तोच हुकूम देत. आता गंमत अशी, की तोंडावर ठेवायचं बोट सुकडीनं भरलेलं असे. त्या वेळची शांतता खरी. कोणी हू की चू करत नसे, सगळं मंडप बोट चाटण्यात गुंग. नखाच्या कडेला अडकलेलं पीठ शेवटी काढायचं, तोवर दम धरायचा. दम धरणं मी तिथं शिकलो असेन तर त्यात बाईंचा वाटा कमी आणि पिठाचा जास्त.

आजीला मात्र सुकडीचं नाव काढलेलं खपत नसे. १९७२ च्या दुष्काळात ती तलावाच्या कामावर खडी फोडायला होती आणि तिथं तिनं हेच खाल्लं होतं. "दुष्काळातलं खाणं लेकरायला कायला देतेत?" म्हणायची. मी ताटलीत थोडी उरवून घरी आणली तर तिनं ती बघितलीसुद्धा नाही, कोंबड्यांपुढं टाकली. कोंबड्यांनी आवडीनं खाल्ली.

पुढं कधीतरी बालशिक्षणात काम केलेल्या ताराबाई मोडकांबद्दल वाचलं आणि आमच्या मंडपाची जरा वेगळीच ओळख पटली. गिजुभाई बधेकांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढलं. ताराबाई काही वर्षं तिथं होत्या. नंतर १९४५ मध्ये त्यांनी ठाणे जिल्ह्यात बोर्डीला काम सुरू केलं, सोबत अनुताई वाघ, आणि पुढं दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. इटलीतल्या बालशिक्षणतज्ज्ञ माँटेसोरीबाईंची ती सगळी महागडी साधनं, दट्ट्यांच्या पेट्या न् मनोरे, त्यांनी बाजूला ठेवली आणि शंख-शिंपले, बिया, काड्या, पानं घेतली. म्हणजे आमचे चिंचोके काही केवळ गरिबीचे नव्हते, त्यांना चांगलं घराणं होतं! पोरं बालवाडीत येईनात तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. मोठी पोरं गुरं राखायला जातात म्हटल्यावर त्यांच्यासाठी कुरणशाळा काढली, गुरं चरतात तिथंच शाळा. मला यातली कुरणशाळा फार आवडते. शिक्षणावर आजवर झालेल्या सगळ्या परिषदांपेक्षा मला त्या एका कल्पनेत जास्त अक्कल दिसते.

माँटेसोरीबाईंनी १९०७ मध्ये रोममधल्या गरीब वस्तीत बालघर काढलं. त्यांच्याकडंही गप्प बसायचं असे, पण तो खेळ होता. सगळी मुलं हालचाल थांबवतात, इतकी की एरवी ऐकू न येणारे आवाज ऐकू यायला लागतात. मग दुसऱ्या खोलीतून बाई एकेकाचं नाव अगदी हळू, कुजबुजत घेतात. ज्याचं नाव ऐकू आलं त्यानं आवाज न करता उठून जायचं. सगळ्यांचं नाव येतं. मी वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसलो जरा वेळ. आमच्याकडं गप्प वर्गात नाव घेतलं गेलं की काळजात धस्स व्हायचं.

तर तलाठी आले. सर्व्हर बंद आहे म्हणाले. तात्या न बोलता उठले, मी अंगणवाडीच्या दारात जाऊन उभा राहिलो.

आत भिंतीवर मुळाक्षरं, फळं, वाहतुकीची साधनं. त्यात आमच्या गावात कधी न येणारी बोटही आहे. कोपऱ्यात वजनकाटा. ताई खाली मान घालून मोबाइलवर काहीतरी भरत होत्या. लेकरांचे गप्प बसून झाले होते, ती आता पुन्हा कामाला लागली होती. परातीत तूर, हरभरा आणि मूग एकत्र केलेले, ते निवडून वेगवेगळ्या वाट्यांत टाकायचे. बोटांच्या बारीक स्नायूंसाठी ही कृती असते. आमची लेकरं हे आजीच्या सुपाजवळ बसून चालायच्या आधीपासून करतात, त्यामुळं त्यांना त्यात काही नवल नव्हतं. हात चालू, तोंडं चालू. हळकुंडाच्या ढिगात खेळून सगळ्यांची बोटं पिवळी, आणि मघाचं बोट ठेवलेलं म्हणून ओठांवरही पिवळी रेघ. एका मुलीला तुरीत खडा सापडला. खड्यासाठी वाटी नव्हती. तिनं जरा विचार केला आणि तो फ्रॉकच्या खिशात ठेवून दिला.

"काय ताई, शिकवायलात का?" मी आपलं विचारलं.

"लेकरं एकमेकाला शिकवायलेत भाऊ. मी हे भरायली," ताई म्हणाल्या. "गप बसलेत की तेवढ्यात चार नावं होतेत."

अंगणवाड्या ज्या योजनेतून चालतात ती एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. तिच्यात सहा कामं आहेत: पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, पुढच्या दवाखान्यात पाठवणं, बायांना आहार-आरोग्याची माहिती, आणि या सगळ्यासोबत तीन ते सहा वर्षांच्या लेकरांना काहीबाही शिकवणं. सेविका एक, मदतनीस एक. म्हणजे बोट लेकरांच्या तोंडावर असतं ते शिस्तीसाठी कमी आणि रजिस्टरासाठी जास्त. आमच्या बाईही मारुतीच्या मागं बसून काहीतरी लिहीत असायच्या खऱ्या. आम्हाला वाटायचं आमचीच नावं लिहितायत, गडबड करणाऱ्यांची. तशी ती आमचीच असणार.

रिकाम्या जागाही दिसत होत्या. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या घरांतली लेकरं अजून परतली नव्हती. ती कुठल्यातरी कारखान्याच्या फडात, धाकट्याला सांभाळत किंवा स्वतःच सांभाळली जात. पटावर त्यांची नावं असतात. आता या मजुरांच्या मागं फडात जाणारी कुरणशाळा कोणी काढायची, असं मनात आलं. साखरशाळा म्हणून ते काही ठिकाणी झालंही, पण ताईंकडं बघून मी ते बोललो नाही. त्यांच्या मोबाइलात आणखी एक रकाना वाढला असता.

शेजारून इंग्लिश मेडियमची पिवळी गाडी गेली. तिच्यातल्या टायवाल्या पोरांना 'फिंगर ऑन युवर लिप्स' म्हणतात, हे मला भाच्यामुळं माहीत आहे. हातांना तिकडं सूट आहे.

ताईंशी बोलता बोलता संपाचा विषय निघाला. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरच्या अंगणवाडी सेविका-मदतनिसांनी मानधनवाढीसाठी संप केला, तो पुढच्या जानेवारीपर्यंत चालला. ताईही मुंबईला, आझाद मैदानावर जाऊन आल्या होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांना गप्प बसवणाऱ्या एवढ्या बाया एका मैदानात घोषणा देतायत, हे मी डोळ्यांसमोर आणून बघत होतो.

"घसाच बसला हो माझा," ताई म्हणाल्या. "परत आल्यावर आवाजच फुटंना. अंगणवाडी उघडली, अन् लेकरायला मी नुसतं तोंडावर बोट ठिवून दाखवायली. त्यायला वाटलं, ताईलाच कुणीतरी गप बसवलंय! तर सगळे माझ्या भवती येऊन कालवा करायलेत, ताई बोला, ताई बोला."

"मग काय केलं?"

"काय करावं? करू दिला कालवा. मोबाइल घरी नेऊन भरला."