परत जाणार, असं लिहून दे

मी वकील नाही, पॅरालीगल आहे. न्यू जर्सीत एडिसनला इमिग्रेशनच्या ऑफिसात अकरा वर्षं झाली. म्हणजे सही वकिलाची, बाकी मरमर आमची. ही केस २०२४ च्या ऑक्टोबरमधली, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

नाशिककडचं कुटुंब. मुलगी २०१० मधे सहा वर्षांची असताना वडिलांच्या एच-१बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसामागोमाग एच-४ वर, म्हणजे कुटुंबाच्या व्हिसावर आलेली. नोव्हेंबरात एकवीस पूर्ण होणार होती. एकवीस झाले की एच-४ संपला, आईवडलांच्या ग्रीन कार्डच्या रांगेतनंही नाव गेलं. धाकटा भाऊ इथंच जन्मला म्हणून सिटिझन, तो आपला आईच्या फोनवर गेम खेळत बसलेला.

वडिलांनी कुठंतरी वाचलं होतं की वयात सूट मिळते. मिळते की. २००२ च्या कायद्यात आहे, कंपनीचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठीचा अर्ज, जितके दिवस सरकारदरबारी पडून होता तितके दिवस मुलाच्या वयातनं वजा. हा हिशोब मी सॉफ्टवेअरवर सोडत नाही, कॅलेंडर घेऊन हातानं करते, दोनदा, कारण एका दिवसानं गेलेली केस मी बघितलीय. यांचे दिवस निघाले २११. गंमत म्हणजे ज्यांनी जादा पैसे भरून प्रीमियममधे पंधरा दिवसांत अप्रूव्हल आणलं त्यांच्या पोरांचे जेमतेम पंधराच दिवस वजा होतात, आणि ज्यांची फाईल धूळ खात पडली ते फायद्यात. हे आधी कोणी सांगत नाही. पण इथं २११ काय नि पाचशे काय, यांची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख, फेब्रुवारी २०१५ आणि त्या महिन्याच्या व्हिसा बुलेटिनला, म्हणजे रांग कुठवर आली ते सांगणाऱ्या सरकारी पत्रकाला, भारताचं ईबी-२ (यांची नोकरीवाली रांग) अजून २०१२ च्या जुलैवर अडकलेलं. एका देशाला ग्रीन कार्डं सात टक्क्यांच्या वर नाहीत, आणि आपण सगळे इंजिनिअर.

वडील म्हणाले, "मॅडम, यापेक्षा इल्लीगल आलो असतो तर बरं झालं असतं. त्या लोकांना डाका तरी मिळतो."

हे वाक्य मी महिन्यातनं तीनदा ऐकते, बहुतेक आपल्याच लोकांकडनं, आणि दर वेळी डोकं उठतं. ओबामांच्या काळात २०१२ मधे आलेला तो डाका (मराठी कानाला दरोडाच वाटतो), म्हणजे लहानपणी आणलेल्या, कागद नसलेल्या मुलांना तात्पुरतं न हाकलायची सवलत, त्याला जून २००७ च्या आधीपासून इथं असावं लागतं आणि १५ जून २०१२ ला कागद नसावे लागतात. ही मुलगी आलीच २०१० ला, म्हणजे तशीही बसली नसती. त्यात २०१७ पासून मधले थोडे महिने सोडले तर नवे अर्ज मंजूरच होत नाहीत. आणि मिळतं काय, दोन वर्षांचं वर्क परमिट. ग्रीन कार्डचं नाव नाही. अशा मुलांना कायमचं राहू देणारा ड्रीम अ‍ॅक्ट पहिल्यांदा २००१ मधे मांडला, तेव्हापासून नुसती चर्चाच.

हे मी त्यांना जरा जोरातच सांगितलं, कारण "ते लोक" पैकी एकजण तेव्हा बाहेर बसला होता. नऊची अपॉइंटमेंट त्याची, फोटो नीट आला नाही म्हणून परत काढायला थांबवलेला. मेक्सिकोत पुएब्लाचा, चार वर्षांचा असताना आणलेला, आता एसी बसवायची कामं करतो. जुनी परमिट कार्डं रबरबँड लावून जपून ठेवलीत, सहा आहेत. डाका रिन्यू करायची फी तेव्हा ६०५ डॉलर, ऑनलाइन केलं तर पन्नास कमी, पण आमच्या साहेबांचा कागदावरच विश्वास, पन्नास डॉलर कुठं त्यांच्या खिशातनं जातात. फॉर्मवर विचारतात की मधल्या काळात परवानगीशिवाय देशाबाहेर गेलात का. त्यानं नाही लिहिलं. आजी वारली तेव्हापण नाही, हे त्यानं न विचारता सांगितलं.

मग मुलीचं एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा. व्हिसा बदलायचा फॉर्म आय-५३९ भरायचा, कॉलेजनं दिलेला प्रवेशाचा कागद आय-२० जोडायचा आणि सोबत पत्र, की शिक्षण झालं की मी मायदेशी परत जाणार. ही पत्रं मला चांगली जमतात. खोटं काही लिहायचं नाही, तरी ऑफिसरला भरवसा वाटला पाहिजे. गंगापूर रोडचा आजीचा फ्लॅट, आजीचं नोटरी केलेलं पत्र की नातीसाठी खोली राखून ठेवलीय, वगैरे.

मुलगी म्हणाली, "आँटी, मी नाशिकला टोटल तीनदा गेलेय. हे खोटं आहे ना?"

मी म्हटलं, खोटं नाही गं, फॉर्मला असंच लागतं. तिनं सही केली. मला तेव्हा दुसरं काही सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर अजूनही सुचत नाही.

एप्रिलमधे अप्रूव्हल आलं. कळवायला फोन केला तर आई रडायलाच लागली, आधी वाटलं आनंदानं. मग म्हणाल्या, ताई, आता सासूबाईंना काय सांगू? त्यांनी नोटरीकडं सही केली तेव्हापासून त्यांना वाटतंय पोरगी कॉलेज संपलं की येणारच. खोलीतला दिवाण काढून नवा पलंग घेतलाय, आणि दर रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारतात, गादी कापसाची भरू का फोमची.