फायरबॉक्सला हवा मिळाली आणि धूर बदलला

आज आमच्या स्मोकरमधून, म्हणजे मांस-मासे धुरावर शिजवायच्या भट्टीतून, पातळ, निळसर धूर निघाला आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू! घणसोली गावातल्या घरामागे आम्ही २०० लिटरच्या ड्रमचा स्मोकर बनवलाय. त्यातून पांढरा, दाट धूर यायचा आणि चिकन कडवट लागायचं. सगळे लाकडाला दोष देत होते. माझं मत पक्कं होतं, दुखणं हवेचं आहे. निखारे राखेत रुतले की खालून हवा लागत नाही, लाकूड नुसतं धुमसत राहतं.

कळंबोलीच्या लोखंड बाजारातून जाड सळ्या आणल्या. दादाने वेल्डिंग करून फायरबॉक्समधली, म्हणजे लाकूड जळतं त्या कप्प्यातली, निखाऱ्यांखालची जाळी चार इंच वर उचलली, हवेचं झाकण जाळीच्या खाली घेतलं. आता राख खाली गळते, हवा निखाऱ्यांतून वर चढते. आतून फायर ब्रिक, म्हणजे आच सोसणाऱ्या विटा, लावल्या. त्या एकदा तापल्या की नवं लाकूड टाकलं तरी तापमान कोसळत नाही. गॅल्व्हनाइज्ड पत्रा मात्र आत कुणीही वापरू नका, तापला की झिंकचा विषारी धूर सुटतो.

आंब्याचं चांगलं वाळलेलं लाकूड, तेही मनगटाएवढं जाड, बस्स. टाकल्या टाकल्या पेटत होतं. तापमानाचा काटा ११० ते १२० अंश सेल्सिअसमध्ये राहिला. चिकन आतून ७४ अंशांवर गेल्यावर काढलं, कडवटपणाचा मागमूस नाही! आई शेजारी बसून कांदा चिरत होती, म्हणाली, "आज धुराने डोळे नाही रे चुरचुरले."

रविवारी बांगडे लावतोय. कुणाकडे वाळलेलं चिंचेचं लाकूड असेल तर कळवा, मी येऊन घेऊन जाईन.