बोगमाळोची अलिझे आणि मामांच्या खिडकीतला स्क्रू

गोव्यातले पहिले दोन दिवस कोलवा आणि मडगावात गेले. त्यांविषयी लिहिण्यासारखे माझ्याकडे काही नाही. तिसरा दिवस सोमवार होता. बोगमाळो रस्त्यावरचे नौदलाचे विमान संग्रहालय सोमवारी बंद असते, हे वास्कोत राहणाऱ्या मामांना विचारले असते तर कळले असते; पण आधी विमाने पाहून मग त्यांना चकित करण्याच्या हौसेपायी मी बंद फाटकाशी जाऊन उभी राहिले. तशीच रिक्षाने घरी पोहोचले, तेव्हा मामा एवढेच म्हणाले, "अगं, फोन कशाला घेतलायस?"

मामा नौदलात विमानांचे तंत्रज्ञ होते आणि त्यांची उमेदीची वर्षे जुन्या विक्रांत या विमानवाहू नौकेवरच्या अलिझे विमानांच्या पोटाखाली गेली. जेवताना मी सहज बोलून गेले, की संग्रहालयातली विमाने काही उडायची नाहीत, तेव्हा त्यांचे जतन म्हणजे अधूनमधून रंगाचा हात फिरवणे, एवढेच असणार. मामांनी सोलकढी संपवली, हात धुतले आणि मला गॅलरीतल्या सरकत्या खिडकीपाशी नेले. ॲल्युमिनियमच्या चौकटीत पोलादी स्क्रू होता आणि त्याच्याभोवती पांढरी भुकटी साचली होती. ती मी नखाने टोकरली, तर खाली धातूत चक्क खळगा पडलेला.

"स्क्रू शाबूत आहे बघ. चौकट खाल्ली गेली."

दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून असले आणि त्यांच्यामध्ये खारा ओलावा शिरला, की तिथे बारीकसा विद्युतघट तयार होतो आणि त्यात बळी जातो तो ॲल्युमिनियमचा, हे मी शाळेत पाठ केले होते. पाहिले मात्र आत्ताच. विमानात असे सांधे हजारोंनी असतात. त्यातही विमानाच्या पत्र्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर दिलेला असतो, ज्याला अल्क्लॅड म्हणतात, आणि गंज रोखण्याचे काम तोच करतो. जुना रंग काढताना कुणी उत्साहाने ग्राइंडर लावला, तर रंगाबरोबर तो थरही जातो आणि विमान वरून चकचकीत, आतून उघडे पडते. म्हणून रंग हळूहळू उतरवायचा, भुकटी दिसेल तिथे निरोगी धातू लागेपर्यंत खरवडायचे, वर प्रायमर द्यायचा आणि रंग सर्वांत शेवटी. विक्रांतवर आंघोळीला गोडे पाणी मोजून मिळे, पण विमान धुवायला ते आधी काढून ठेवत, हे सांगताना मामांचा स्वर अजूनही थोडा तक्रारीचा होता.

दुसऱ्या दिवशी मामा छत्री घेऊन बरोबर आले. श्रावणातली एक जोरदार सर नुकतीच थांबली होती. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयाच्या आवारात गर्दी होती ती तीन शेपटांच्या सुपर कॉन्स्टेलेशन या जुन्या प्रवासी विमानापाशी आणि २०१६ मध्ये निवृत्त झालेल्या सी हॅरियरपाशी. एका गृहस्थांनी आपल्या मुलाला फोटोसाठी थेट विमानाच्या चाकावर उभे केले, तेव्हा मामांनी मान फिरवली आणि मला त्या गृहस्थांचा मनापासून राग आला. सुपर कॉन्स्टेलेशन एअर इंडियाकडून हवाई दलाकडे आणि तिथून १९७६ मध्ये नौदलाकडे आले, हे मामा मला सांगत होते आणि आजूबाजूला सेल्फीसाठी आमची अडचण होत होती.

अलिझेपाशी मात्र कुणीच नव्हते. डिसेंबर १९७१ च्या युद्धात सी हॉक या लढाऊ विमानांच्या जोडीने विक्रांतवरून उडालेल्या या फ्रेंच विमानाचे नाव समुद्रावरच्या व्यापारी वाऱ्यांवरून पडले आहे, आणि आता असाच समुद्रावरचा वारा रात्रंदिवस त्याच्या अंगावर मीठ आणून टाकतो. मामांनी हात मागे बांधले होते. विमानाला त्यांनी बोटही लावले नाही. पत्र्याच्या जोडावरून, रिव्हेटांच्या एकेका ओळीवरून त्यांची नजर सावकाश फिरत राहिली. मग छत्री माझ्या हातात देऊन, सत्तरीतल्या गुडघ्यावर तळवा टेकवून ते वाकले आणि विमानाच्या पोटाखाली पाहू लागले. तिथल्या निचऱ्याच्या भोकातून सरीचे पाणी थेंब थेंब खाली पडत होते.

"गळतंय," मी म्हटले.

"गळायलाच हवं. भोक मोकळं आहे," असे म्हणत ते उठले आणि शेजारच्या सी हॉककडे जाऊन पुन्हा वाकले.