नमनालाच घडाभर तेल : १२ मिलिमीटर जास्तीचं ऑइल आणि एक सिरिंज

नोंद सातवी. मागच्या नोंदीत मी फुशारकीने लिहिलं होतं की गाडीच्या इंजिनाचं ऑइल बदलण्यात काय आहे, एक बोल्ट खोला, एक बोल्ट लावा. ते शब्द मागे घेतो. या शनिवारी पहिल्यांदाच स्वतः ऑइल बदललं आणि सगळं आटोपून पट्टी (तेलाची पातळी दाखवणारी डिपस्टिक) पाहिली, तर तेल वरच्या खुणेच्याही १२ मिलिमीटर वर.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी गाडीबद्दल थोडक्यात. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, आडवं बसवलेलं. ऑइल ०डब्ल्यू-२० या पातळ ग्रेडचं, पुस्तिकेप्रमाणे फिल्टरसह ३.५ लिटर. डिपस्टिकच्या दोन खुणांमधलं अंतर मी स्केलने मोजलं, बरोबर २० मिलिमीटर. या दोन खुणांमध्ये एक लिटर मावतं, म्हणजे पट्टीवरचा एक मिलिमीटर म्हणजे साधारण ५० मिली. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे तोच कामाला येणार आहे. तुमच्या इंजिनाचा आकडा वेगळा असेल, तो एकदा काढून बॉनेटच्या आत चिकटवून ठेवा.

शनिवार, सकाळ. ऑइल काढण्याआधी सपाट जागेवर पट्टी पाहिली होती, वरच्या खुणेपेक्षा चार मिलिमीटर खाली. एवढी एक गोष्ट शहाण्यासारखी केली. मग पुढची चाकं रॅम्पवर चढवली, इंजिन जरा कोमट करून बंद केलं, ड्रेन बोल्ट सैल केला. शेवटचे दोन आटे हाताने फिरवताना बोल्ट वर दाबून धरायचा आणि मग झटकन बाजूला घ्यायचा, हे मला माहीत होतं. तरी तो भांड्यात पडलाच. काळ्या तेलात कोपरापर्यंत हात घालून बोल्ट शोधणे हा या छंदाचा प्रवेशशुल्क समजावा.

वीस मिनिटांनी धार तुटली, थेंब थेंब पडू लागले, मी समाधान मानून नवा वॉशर घालून बोल्ट लावला. फिल्टर बदलला, त्याच्या रबरी रिंगला बोटाने ताजं ऑइल चोळलं. पुस्तिकेतला ३.५ चा आकडा प्रमाण मानून मोजून तेवढंच ओतलं. इंजिन अर्धा मिनिट चालवलं, बंद केलं, जेमतेम एक मिनिट थांबलो आणि पट्टी पाहिली. गाडी अजून रॅम्पवरच. पट्टी म्हणाली, सहा मिलिमीटर कमी. मी म्हटलं, सहा गुणिले पन्नास, ३०० मिली, घाला. घातलं. गणित अगदी बिनचूक होतं!

गाडी खाली घेतली, हात धुतले, दहा मिनिटांनी सहज म्हणून पुन्हा पाहिलं. पट्टी पुसून परत घातली. परत पुसली. आपणच चुकतोय असं वाटून तिसऱ्यांदा पाहिली. तेल खुणेच्या वर, पट्टीच्या साध्या भागावर चढलेलं. नवं ऑइल इतकं फिकट असतं की कड दिसत नाही. पट्टी पांढऱ्या कागदावर आडवी टेकवली तेव्हा कागदावर तेलाचा डाग उमटला आणि तो कुठे संपतो ते नीट कळलं. बारा.

वरातीमागून घोडं म्हणतात तसा मी आता हिशेबाला बसलो. काढलेलं ऑइल फिल्टरमधल्यासकट वजन केलं, भांड्याचं वजन वजा जाता २.५३ किलो. ऑइलची घनता ०.८५ च्या आसपास धरली तर हे होतं २.९८ लिटर. आधी पट्टी चार मिलिमीटर खाली होती, म्हणजे ३.३ लिटर तरी यायला हवं होतं. सुमारे ३२० मिली चेंबरमध्येच, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीतच राहिलं. कारण माझ्या इंजिनाचा ड्रेन बोल्ट चेंबरच्या पुढच्या बाजूला आहे आणि मी नेमकं नाकच वर केलं होतं. तेल मागे साचून राहिलं. बोल्ट मागे असता तर हाच रॅम्प उपयोगी पडला असता.

पण खरी फसवणूक पट्टीने केली, किंवा मी तिच्याकडून करवून घेतली. रॅम्पची उंची २० सेंटिमीटर, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २४०, म्हणजे उतार दर १२ सेंटिमीटरला एक सेंटिमीटर. पट्टी चेंबरच्या पुढच्या कडेला उतरते, मध्यापासून जवळपास तेवढ्याच अंतरावर. तिथे तेल सुमारे १० मिलिमीटर खाली दिसणार. त्यात नुकतंच ओतलेलं ऑइल अजून हेडमधून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातून खाली झिरपतंय. खरं पाहता तेल तेव्हाच सहा मिलिमीटर जास्त होतं आणि मला ते सहा मिलिमीटर कमी दिसलं. ३२० आणि ३०० मिळून ६२०, भागिले ५०, बारा मिलिमीटर. हिशेब जुळला तेव्हा, खरं सांगतो, चुकीबद्दल वाईट वाटण्याऐवजी बरंच वाटलं.

एवढ्याने काय होतं? क्रँकची (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याची) वजनं फिरताना तेलाच्या पातळीला टेकायला नकोत. ३००० आरपीएमला क्रँक सेकंदाला ५० फेरे मारतो, तेलात बुडाला तर रवीसारखा घुसळतो. तेलात हवा मिसळते, फेस होतो, पंप तोच फेस ओढतो. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही, त्यामुळे प्रेशर डळमळतं आणि ज्या इंजिनात हायड्रॉलिक लिफ्टर (तेलाच्या दाबावर चालणारे, व्हॉल्व्ह उचलणारे भाग) असतात तिथे वरून टकटक ऐकू येते. दुसरीकडे ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून तेलाची वाफ इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेत जाते, जळते, मागून निळसर धूर येतो, प्लग आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतात. डिझेलमध्ये तर इनटेकमध्ये गेलेलं तेलच इंधन बनतं, इंजिन आपोआप वेग घेतं आणि चावी काढूनही थांबत नाही. त्यामुळे डिझेलवाल्यांनी हे हसण्यावारी नेऊ नये. शिवाय डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर रिजनरेशनच्या, म्हणजे ती काजळी जाळण्याच्या वेळी थोडं डिझेल तेलात उतरतं आणि न ओतताही पातळी चढते.

माझं मत म्हणाल तर खुणेच्या वर एखादा मिलिमीटर दिसला म्हणून मी तरी झोप घालवणार नाही. पण बारा मिलिमीटरवर गाडी रस्त्यावर काढण्यात अर्थ नव्हता.

ड्रेन बोल्ट पुन्हा सैल करून 'थोडंसं' सोडावं हा सल्ला सगळे देतात. थोडंसं सोडता येत नाही, ते मनगटावरून बाहीत जातं. त्यापेक्षा ६० मिलीची सिरिंज आणि पारदर्शक बारीक नळी, सलाइनची असते तेवढी, डिपस्टिकच्याच भोकातून आत घालायला. डिपस्टिक नळीशेजारी धरून तिच्या लांबीवर चिकटपट्टी लावली, म्हणजे नळी किती आत गेली ते कळतं, नाहीतर ती तळाशी जाऊन वेटोळं घालते. पहिल्या ओढीला नुसते बुडबुडे आले, कारण सांध्यातून हवा शिरत होती. नळीचं टोक गरम पाण्यात बुडवून मऊ केलं आणि सिरिंजच्या तोंडावर दाबून बसवलं, मग सरळ तेल. दट्ट्या खसकन ओढायचा नाही. अर्धा ओढून धरायचा आणि वाट पाहायची, तेल आपल्या गतीने मधासारखं वर सरकत येतं. एका सिरिंजला दीड मिनिट लागलं. नऊ सिरिंजा काढल्या, अर्धा तास थांबलो, पट्टी पाहिली, एक मिलिमीटर जास्त. दहावी काढली आणि थांबलो.

काढलेलं ६०० मिली वेगळ्या बाटलीत, चिठ्ठी लावून. त्यात जुनं मिसळलेलं आहे, परत इंजिनात जाणार नाही, बिजागऱ्यांना आणि कुलपांना होईल. जुनं काळं ऑइल झाकणबंद डब्यात, वापरलेलं तेल गोळा करणाऱ्यांकडे द्यायला. गटारात नाही, मातीतही नाही.

एक पुरवणी दुचाकीवाल्यांसाठी. तुमच्या पट्टीला आटे असतात. काही इंजिनांत ती आटे फिरवून पूर्ण बसवून वाचायची असते, काहींत नुसती टेकवून. उलटं केलंत तर पट्टी आट्यांच्या उंचीएवढी खोटं बोलते. पुस्तिकेत लिहिलेलं असतं, बघा. तसंच गरम की थंड इंजिनावर वाचायचं तेही. साडेतीन लिटर ऑइल ७० अंशांनी तापलं की दीडशे मिलीच्या वर फुगतं, म्हणजे माझ्या पट्टीवर तीन मिलिमीटर.

रविवार. ४० किलोमीटर चालवून, सपाट जागेवर दहा मिनिटं थांबून पट्टी पाहिली, वरच्या खुणेला टेकलेली. बोल्टखाली अंथरलेला पुठ्ठा कोरडा. ब्रीदरची नळी काढून आत बोट फिरवलं, हलका ओलावा, तो आधीही होता.

३०० किलोमीटरनंतर : अर्धा मिलिमीटर खाली, किंवा माझी नजर. पुढच्या वेळी गाडी चारही चाकांनी सारखी उचलणार, स्टँडची जुळवाजुळव चालू आहे. कुणाकडे रॅम्पखाली घालायच्या लाकडी ठोकळ्यांची मापं असतील तर कळवा.