खमिराचा वऱ्हाडी उन्हाळा

जर्मनीतून कायमचं परतताना माझ्या बॅगेत कागदाची एक पुडी होती. आत वाळवलेल्या खमिराच्या, म्हणजे पाव फुगवणाऱ्या आंबलेल्या पिठाच्या कपच्या, फुटक्या पापडासारख्या. विमानतळावर कोणी विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, देव जाणे.

आम्ही तीन वर्षं हेसन राज्यातल्या फोगेल्सबर्ग या डोंगराळ भागात होतो. लहानसा कसबा; रविवारी दुकानांना कुलूप, रस्त्यावर चिटपाखरू नाही. दगड मात्र ओळखीचा निघाला. तोही जुन्या ज्वालामुखीचा काळा बसाल्ट, आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडच्यासारखाच. पहिल्या आठवड्यात एका कुंपणाची भिंत बघून मला रडू आलं होतं, ते त्यामुळेच.

तिथे गावाची मिळून एक भट्टी होती. तिला बाकहाउस म्हणतात. आमच्या घरमालकीण आजी मला पहिल्यांदा तिथे घेऊन गेल्या, तेव्हा आत काटक्यांच्या मोळ्या धडधडत होत्या. जाळ बसला की निखारे ओढून काढायचे, ओल्या फडक्याने तळ पुसायचा आणि चिमूटभर पीठ आत फेकायचं. लगेच काळं पडलं तर थांबायचं, हळूहळू तांबूस झालं तर पाव सरकवायचे. थर्मामीटर कोणाकडेच नव्हता. पावासोबत बटाटा आणि दह्याच्या चक्क्यासारखं क्वार्क थापलेला, ‘साल्त्सेकूखन’ नावाचा खारा प्रकारही व्हायचा. त्याची आठवण आली की अजून तोंडाला पाणी सुटतं. खमिराच्या त्या कपच्या निघताना आजींनीच दिल्या.

गावी आल्यावर एप्रिलमध्ये मी त्या कोमट पाण्यात भिजवल्या. तिथे पाव राय नावाच्या धान्याचा (मोहरीचा काही संबंध नाही, हे सासूबाईंना तीनदा सांगावं लागलं). पिठाच्या पिशवीवर आकडा असायचा. १०० ग्रॅम पीठ जाळल्यावर जितके मिलिग्रॅम राख उरते, त्यावरून तो ठरतो: केकचं ४०५, रायच्या पावाचं ११५०. इथे आकडा कुठला? चक्कीवरचं लोकवनाचं पीठ, तेही हाताला चटका बसेल इतकं गरम.

तिसऱ्या दिवशी खमीर बरणीतून उतू जाऊन ओट्यावर. मला आनंद झाला, तो दोनच तास टिकला. पारा ४४ वर. खमीर दुपारपर्यंत भुकेलं होऊन नेलपॉलिश रिमूव्हरसारखं वास मारायला लागलं. फ्रिजमध्ये ठेवलं तर लाइट गेली. बरणी कुलरसमोर ठेवली तर कुलरसमोर झोपणारी मंडळी रागावली. एकदा पाव छोट्या ओव्हनमध्ये असतानाच लाइट गेली आणि तो मधोमध बसला. गाईने खाल्ला, पण उपकार केल्यासारखा.

शेवटी सासूबाईच म्हणाल्या, “काय वं, उन्हाळ्यात इरजण थेंबभरच लावते ना तू? मंग हे कायले वाटीभर लावून रायली?”

मी बघतच राहिले. जर्मनीत थंडी, म्हणून आजी जुनं खमीर भरपूर घालायच्या, आणि मी तोच हिशेब इथे चालवत होते. दुसऱ्या दिवसापासून चमचाभर जुनं, दहा चमचे पीठ, पाणी माठातलं. मीठही सुरुवातीलाच, त्याने आंबणं जरा आवरतं. पीठ चक्कीवाल्याला रोडग्यासाठी (गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे गोळे) दळतात तसं जाडसर दळायला सांगितलं. वास सुधारला. पाव फुगायला लागला, पण ओव्हनचा भरवसा काही नव्हता.

मग मार्गशीर्षात शेतातल्या मारुतीजवळ रोडग्यांचा कार्यक्रम निघाला. खमिराची आता उलटी गत. थंडीत सुस्तावलेलं, रात्रभर चुलीजवळ ठेवावं लागलं. गोवऱ्यांचा जाळ बसला, रोडगे हारात, म्हणजे निखाऱ्यांत गेले. मी एका जाड गंजात (पातेल्यात) पाव ठेवला, वर झाकण, झाकणावर निखारे. किती वेळ ठेवायचा, ते मला ठाऊक नव्हतं. आमच्या मामंजींनी झाकणावर तळहात धरला, “अजून नाही,” म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा धरला. अशा तीन खेपा झाल्या.

गंज उघडला तर खालची बाजू थोडी करपलेली, वरून मात्र गूळ-काकवीच्या रंगाचा, आणि बोटाने ठोकला की पोकळ वाजणारा. आजींचा नियम होता, पाव त्या दिवशी कापायचा नाही, दुसऱ्या दिवशी खरी चव येते. मी तो सगळ्यांना समजावून सांगत होते, तोवर दिराने दोन्ही हातांनी तो फोडलाही. गरम तुकडे तुपात बुडवून वरणात कुस्करले गेले, वर वांग्याची भाजी. मला फक्त कडेचा करपलेला तुकडा मिळाला.